काखेत कळसा

गेल्या वर्षी आमच्या कबड्डी संघातील तिघांनी वर्गणी काढून प्रोटीन पावडरचा डबा आणला. माझा हिस्सा बाराशे रुपये. वडिलांनी तूर विकून मेससाठी पाठवलेल्या पैशांतूनच तो गेला. मग सकाळची न्याहारी बंद करून मी महिनाभर पावडर प्यालो. दंड होते तेवढेच राहिले. मध्यंतरानंतर दम मात्र लवकर लागू लागला.

पावडर म्हणजे विष, असे मी म्हणत नाही. चीज करताना जी निवळी उरते, तिच्यातील प्रथिने वाळवून ती करतात; म्हणजे तेही अन्नच. परंतु लेबलावर आहे तेच डब्यात असेल, याची खात्री काय? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या, तेव्हा सुमारे ७० टक्के पावडरींच्या लेबलावरील प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी घेऊ नयेत, असा सल्ला दिला.

आता हिशेब पाहू. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. कसून सराव करणाऱ्याला ७२ ते १२० लागतात. शंभर ग्रॅम तूरडाळीत २२, पाव किलो ज्वारीच्या पिठात २५, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत १२, अर्धा लिटर दुधात १६ आणि दोन अंड्यांत १२. बेरीज ८७! अंडी न खाणाऱ्याने मूठभर हरभरे भिजवावेत. शिवाय ज्वारीत लायसिन कमी असते, ते डाळ भरून काढते. आपल्या आजीने भाकरी-वरणाची जोडी उगाच जमवली नाही.

कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आणि आम्ही? तूर बाजारात घालून डबा घरी आणतो!

पण दोष केवळ आम्हा मुलांचा नाही. मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते. पहाटेचा सराव संपला की खेळाडू उपाशीपोटीच वर्गात बसतो. अशा मुलाला डब्याची भुरळ पडली तर नवल काय? जिमखाना फी आपण सर्वच भरतो. तिच्यातून सरावानंतर प्रत्येकाला मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि पेलाभर दूध मिळावे, एवढीच माझी प्राचार्य व क्रीडाशिक्षकांना नम्र विनंती आहे. ढाली-करंडकांचे कपाट त्यानंतर भरेल.