ऑपरेशन झाले, पुढच्या वर्षाचे काय?



उसाची लागण झाल्यापासून ऊस काट्यावर येईपर्यंत त्याच्यामागे किती माणसे असतात, हे आपणांस सांगायला नको. गट ऑफिसात नोंद होते, चिटबॉय तोडीची चिठ्ठी देतो, मुकादम टोळी आणतो, काट्यावर वजन होते. कुठे अडले तर कोणाला विचारायचे, हे घरातल्या पोराटोरालाही ठाऊक असते. पण त्याच घरातल्या कर्त्या माणसाला आतड्याचा कॅन्सर निघाला, तर मुंबई-पुण्याला ऑपरेशन होते, फाईल काखेत मारून माणूस गावी येतो, आणि पुढे काही अडले तर विचारायचे कोणाला, हे त्यालाही कळत नाही आणि घरच्यांनाही. ही जागा भरून काढणारे माणूस म्हणजे कॅन्सरच्या कामाचे शिक्षण घेतलेली नर्स. तिचे काम काय, आणि तिच्या बाबतीत आपल्या कारखान्याने काय करावे, याविषयी आमचे मत आम्ही आज मांडत आहोत.

मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कॅन्सरचे २०२२ साली जगात सुमारे १९ लाख नवे रोगी निघाले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. आपल्या देशात याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, हे खरे. पण आपल्याकडे तो तरुण वयात गाठतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने आपल्याकडील ८०० रोग्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यांत रोग्यांचे सरासरी वय ४७ च्या आसपास निघाले. म्हणजे सोसायटीचे कर्ज डोक्यावर, मुलगा कॉलेजात आणि पोरीचे लग्न ठरायचे, असे ऐन कर्तेपणाचे वय. शौचावाटे रक्त जाणे हे त्यांतले सर्वांत जास्त आढळलेले लक्षण होते. आपल्याकडे रक्त दिसले की मूळव्याध म्हणायचे आणि झाडपाल्यावर सहा महिने काढायचे, ही रीत आता सोडली पाहिजे.

आता नर्सचे काम पाहू. ते ऑपरेशनच्या आधीच सुरू होते. गुदाशयाचा कॅन्सर काढताना पुष्कळदा शौचाची वाट पोटावर काढावी लागते, तिला स्टोमा म्हणतात. काहींची ती कायमची असते, तर काहींची काही महिन्यांनी पुन्हा बंद करतात. ही वाट पोटावर नेमकी कुठे काढायची, याची खूण जाणती नर्स आदल्या दिवशी करून ठेवते. रोग्याला ती बसवते, उभे करते, वाकायला लावते. धोतर किंवा पायजम्याची नाडी कुठे येते, बाईमाणूस असेल तर निऱ्या कुठे खोचते, पोटाची वळी कुठे पडते, हे पाहते. रोग्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल आणि कंबरपट्ट्याखाली दबणार नाही, अशी जागा ती शाईने खुणावते. काम पाच-दहा मिनिटांचे. पण ते चुकले तर पिशवी नीट बसत नाही, गळते, कातडी सोलते आणि माणूस चारचौघांत बसायचा बंद होतो.

ऑपरेशननंतर ती रोग्याला आणि घरातल्या एकाला हाताने करून दाखवते. स्टोमा लाल आणि ओला दिसतो, तसाच तो दिसला पाहिजे; काळपट पडला तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. त्याला हात लावला तर दुखत नाही. साध्या पाण्याने धुवायचे, कातडी कोरडी करायची, पिशवीचे भोक मापात कापायचे, आणि पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. लहान आतड्याची वाट काढली असेल तर अंगातले पाणी आणि मीठ फार जाते. अशा माणसाने उन्हाळ्यात नुसते पाणी पिऊन भागत नाही, मीठ-साखरेचे पाणीही घ्यावे लागते. मका, ओले खोबरे, शेंगदाणे अशा वस्तू सुरुवातीला टाळायच्या आणि पुढेही बारीक चावून खायच्या, नाहीतर वाट तुंबते. युरियाचे ४५ किलोचे पोते उचलणे हे तर काही महिने मनातही आणायचे नाही, कारण पोटाची भिंत कमजोर झालेली असते आणि हर्निया होतो. हे सगळे पाळून माणूस शेतात जातो, बाजार करतो, वारीलाही जातो.

ही विद्या जगाला कोणी दिली, तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत नॉर्मा गिल नावाची एक घरसंसार करणारी बाई होती. आतड्याच्या दुखण्यामुळे तिच्या स्वतःच्या पोटावर अशी वाट काढलेली होती. जे आपण सोसले ते दुसऱ्याला सोपे करावे म्हणून ती रोग्यांना शिकवू लागली. डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली तिला क्लीव्हलंडच्या रुग्णालयात कामावर घेतले, आणि १९६१ साली तिथे या कामाची शाळा निघाली. आज टाटा रुग्णालयातही स्टोमाचा वेगळा विभाग आहे आणि नर्सेसना या कामाचे शिक्षण मिळते. कॅन्सर नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमही देशात आहे. म्हणजे विद्या आपल्या राज्यात आलेली आहे, ती तालुक्यापर्यंत तेवढी आणायची आहे.

किमो सुरू झाली की नर्सची गरज आणखी वाढते. सलाईनमधून औषध जाते ते रुग्णालयात, पण त्याचा त्रास होतो तो घरी, रात्री-अपरात्री. या रोगात ऑक्सालिप्लॅटिन नावाचे औषध बऱ्याच जणांना देतात. ते घेतल्यावर काही दिवस गार वस्तूचा स्पर्श सोसत नाही; बोटांना झिणझिण्या येतात, गार पाणी प्यायले की घशात आवळल्यासारखे होते. आता आपल्याकडची परिस्थिती पाहा. थंडीचे दिवस, कालव्याला आवर्तन सुटलेले, वीज रात्रीची, आणि हा गडी अनवाणी दारे धरायला उभा! पुढेपुढे पायाची जाणीव कमी होते, काटा रुतला तरी कळत नाही. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, आणि फावड्याच्या दांड्याने ते वाढते. "उष्णता झाली" म्हणून घरचे त्यावर लेप लावतात. नर्सला एक फोन केला असता तर डॉक्टरांना विचारून तिने डोस थांबवायचा की कसे ते सांगितले असते.

तापाचे तर फारच जपायला हवे. किमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या काळात ताप १००.४ अंशांवर गेला तर घरी गोळी घेऊन सकाळची वाट पाहायची नसते, त्याच रात्री दवाखाना गाठायचा असतो. हे घरच्यांना आधी सांगून ठेवणे हे नर्सचे काम, आणि त्याने माणूस वाचतो. कोणी थकून किमो अर्धवट सोडायला निघाला, तर त्याचे ऐकून घेणारी आणि त्याला परत डॉक्टरांपुढे बसवणारीही तीच.

काही गोष्टी माणूस डॉक्टरपुढे बोलत नाही. गुदाशयाच्या ऑपरेशननंतर नवरा-बायकोच्या संबंधांत अडचणी येऊ शकतात. लाजेने कोणी विचारत नाही, आणि घरात अबोला धरला जातो. जाणती सिस्टर हा विषय आपणहून काढते. ती घराण्याची माहितीही विचारते. कारण ज्याच्या सख्ख्या भावा-बहिणीला किंवा आई-बापाला हा रोग झाला, त्याने चाळिशीला, किंवा रोग्याला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांतले जे आधी येईल तेव्हा आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायची असते. एका रोग्यामागे असे सारे घर सावध होते.

काही सभासद म्हणतील, "कारखान्याने साखर करावी, नर्स नेमणे हे सरकारचे काम." आम्हांला हे पटत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरच्या उपचारांना आधार मिळतो, त्याचा फायदा जरूर घ्यावा. पण दोन उपचारांच्या मधल्या दिवसांत घरी आलेल्या रोग्याचे कोण पाहणार? आपल्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम निघाला, आणि पुढे त्याच लोणीत रुग्णालय, १९८४ साली मेडिकल कॉलेज आणि नर्सिंग कॉलेजही उभे राहिले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या अल्पशिक्षित बायांना आरोग्याचे काम शिकवले, आणि १९७९ साली मॅगसेसे पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. तेव्हा हे आपल्या मातीत होत नाही, असे कोणी म्हणू नये.

आमची सूचना साधी आहे. सभासदांच्या घरातली नर्सिंग झालेली एक मुलगी किंवा मुलगा निवडावा, कारखान्याच्या खर्चाने कॅन्सर नर्सिंगचे आणि स्टोमाचे शिक्षण द्यावे, आणि परतल्यावर ठराविक वर्षे इथेच काम करण्याचा करार करावा. कारखान्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तिने बसावे, एक दिवस गटवार घरी जावे, आणि तिचा फोन नंबर प्रत्येक गट ऑफिसात लावावा. ग्राहक भांडारात पिशव्यांचा साठा ठेवावा, म्हणजे एका पिशवीसाठी कोणाला नगर-पुण्याची एस.टी. धरावी लागणार नाही. तोडणी मजुरांच्या टोळ्यांनाही ही सोय खुली असावी.

खर्चाचा हिशोब करा. आठ लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याने टनामागे ५० पैसे कपात केली, तर वर्षाला ४ लाख रुपये जमतात. पन्नास टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या वाट्याला त्यातले २५ रुपये येतात.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव कोणा सभासदाने मांडावा आणि दुसऱ्याने अनुमोदन द्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. दरावर आपण सभेत तासन्‌तास भांडतो, आणि भांडलेही पाहिजे. त्यातली दहा मिनिटे या विषयाला द्यावीत.