ताटाकडे बघणारे डोळे

माझी मामेबहीण लग्नाच्या पंगतीत जिलबी घेत नाही. आवडत नाही म्हणून नव्हे, लोक तिच्या ताटाकडे बघतात म्हणून. 'जरा तोंडावर ताबा ठेव' हे तिने शाळेपासून ऐकलं. मीही तिला ते ऐकवलंय, आणि त्याची मला आज लाज वाटते.

वजन घटवणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं सुरू झाल्यावर महिनाभराने तिचा फोन आला. "ताई, दुपारपासून खाण्याचा विचारच आला नाही. तुम्हा सगळ्यांना रोज असंच असतं का गं?"

मला उत्तर सुचलं नाही. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक स्रवतं, मेंदूला पोट भरल्याचं कळवतं आणि काही मिनिटांत विरून जातं. या औषधातली त्याची नक्कल आठवडाभर टिकते. ज्याला आपण तिचा हावरटपणा म्हणत होतो, त्याच्यावर एक संप्रेरक लागू पडलं. मग तो दोष स्वभावाचा कसा?

तरीही मला धास्ती आहेच. भूक मारणाऱ्या औषधांनी याआधी माणसांना फार दुखावलंय. अमेरिकेत 'फेन-फेन' लाखोंनी घेतलं. हृदयाच्या झडपा बिघडतात हे उघड झाल्यावर १९९७मध्ये त्यातलं फेनफ्लुरामिन मागे घ्यावं लागलं. रिमोनाबँट नैराश्यामुळे गेलं, सिब्युट्रामिन हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे. नव्या औषधांच्या चाचण्या कितीतरी मोठ्या आहेत, पण मळमळ, उलट्या, पित्ताशयातले खडे हे त्रास त्यांतही आहेत. चरबीबरोबर स्नायूही झडतात.

आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. सेमाग्लुटाइडच्या १,९६१ जणांवरच्या चाचणीत ते घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. त्यांतल्या काहींचा औषध थांबवल्यानंतर वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा घटलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. म्हणजे हे रक्तदाबाच्या गोळीसारखं, बहुतेकांना दीर्घकाळ घ्यावं लागणारं औषध आहे. लग्नाच्या शालूत मावण्यासाठी दोन महिने टोचून घेण्याची ही वस्तू नव्हे.

चिठ्ठीशिवाय, ओळखीच्या दुकानातून हे इंजेक्शन कृपा करून घेऊ नका. डॉक्टरांना आधी विचारा: किती काळ घ्यायचं, थांबवल्यावर काय, स्नायू टिकवायला काय खायचं? आणि घरात कुणी ते घेत असेल, तर त्यांच्या ताटाकडे बघू नका.