लस दुकानात, जबाबदारी कोणाची?

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने सप्टेंबर २०१५ पासून फ्लूची लस टोचण्याचे काम औषधांच्या दुकानांतील प्रशिक्षित फार्मासिस्टांवरही सोपविले. पासष्टी गाठलेल्या किंवा जुनाट आजार असलेल्या माणसाने डॉक्टरांच्या वेळेसाठी ताटकळत न राहता कोपऱ्यावरच्या दुकानात जावे आणि लस घेऊन घरी यावे, ही त्यामागची कल्पना. त्याला यासाठी एक पेनीही द्यावी लागत नाही. लशीची किंमत आणि टोचण्याचे मानधन सरकार दुकानदारास देते. आरंभी हे मानधन एका टोचणीमागे नऊ पौंडांच्या आसपास होते. पहिल्या हंगामात सुमारे सहा लाख लोकांनी दुकानात लस घेतली. २०२१-२२ मध्ये हा आकडा ५० लाखांच्या जवळ पोहोचला.

या योजनेचे आम्ही स्वागतच करतो. ज्ञान आणि कौशल्य यांवर एकाच व्यवसायाची मक्तेदारी असावी, हा विचार समाजवादाला मानवणारा नाही. अमेरिकेतील सर्व राज्यांत आणि २०११ पासून आयर्लंडमध्येही फार्मासिस्ट ही लस देतात. तेव्हा त्यांना हे काम जमेल काय, हा प्रश्न आता उरलेला नाही. खरा प्रश्न अर्थव्यवहाराचा आहे.

योजना सुरू झाली तेव्हा डॉक्टर आणि फार्मासिस्ट या दोघांनाही प्रौढांसाठीची लस कित्येक महिने आधी उत्पादकांकडे स्वतः नोंदवावी लागे. टोचलेल्या लशीचे पैसे मागाहून मिळत. उरलेली लस पुढील वर्षी निरुपयोगी, कारण फ्लूचा विषाणू बदलतो आणि लशीचे घटक दरसाल नव्याने ठरतात. परिणामी एकाच वृद्धासाठी दोन दारांतून बोलावणे सुरू झाले. काही डॉक्टरांनी केलेल्या तक्रारींचे मूळ येथे आहे. दोन लोकसेवकांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी करावयाचे आणि त्यालाच कार्यक्षमता म्हणावयाचे, ही बाजारवादी विचाराची जुनी खोड आहे.

या स्पर्धेतून आरंभी काय निष्पन्न झाले? २०१४-१५ मध्ये इंग्लंडमधील पासष्टीपुढील सुमारे ७३ टक्के लोकांनी लस घेतली होती. दुकाने खुली झाल्यावर, २०१५-१६ मध्ये, हे प्रमाण ७१ टक्क्यांवर आले. पुढे कोविडच्या काळात ते ८२ टक्क्यांपर्यंत चढले आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा ७५ टक्क्यांच्या आसपास उतरले. दुकानांमुळे लसीकरण घटले, असा याचा अर्थ नव्हे. सोयीचे दार उघडले तरी लोकांच्या मनातील विश्वास आणि लस न घेतलेल्यांचा पाठपुरावा यांची उणीव त्याने भरून निघत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वेल्समधील खाणकामगारांच्या वस्तीत आयुष्य वेचणारे समाजवादी डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक नियम मांडला होता. जेथे गरज अधिक तेथे वैद्यकीय सेवा तोकडी असते, आणि बाजाराचा शिरकाव जितका जास्त तितका हा अन्याय तीव्र होतो, असे त्यांचे निरीक्षण. औषधाचे दुकान मात्र या नियमाला अपवाद ठरले. डरहम विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की इंग्लंडच्या ८९ टक्के लोकांना वीस मिनिटांच्या पायी अंतरात असे दुकान सापडते, आणि अतिगरीब वस्त्यांत तर जवळपास प्रत्येकाला. दुकानात लस देण्याचे खरे समर्थन या आकड्यांत आहे.

आणि नेमका हाच पाया खचत गेला. या दुकानांसाठीची सरकारी तरतूद २०१५-१६ मध्ये २८० कोटी पौंड होती. ती २०१७-१८ मध्ये सुमारे २५९ कोटींवर आणली गेली आणि २०१९ पासून पाच वर्षे, महागाई भडकली तरी, तेथेच गोठविली गेली. २०२५ मध्ये ती ३०० कोटींच्या पुढे नेण्यात आली. पण तोवर हजारांहून अधिक दुकाने बंद झाली होती, आणि त्यांत गरीब वस्त्यांतील दुकानांचा वाटा मोठा होता. लॉइड्स फार्मसी ही बलाढ्य साखळी २०२२ मध्ये ऑरेलियस या गुंतवणूक गटाच्या हाती गेली. दुसऱ्याच वर्षी सेन्सबरीच्या बाजारगृहांतील तिची सर्व दुकाने बंद झाली आणि उरलेली विकली गेली. सेवा सार्वजनिक, पण तिचे छप्पर नफ्याच्या खांबावर. खांब हलला की छप्पर कोसळणारच.

म्हणून टोचणीमागे मानधन देऊन सरकारची जबाबदारी संपत नाही. गरीब वस्तीतील दुकान टिकविण्यासाठी स्थिर अनुदान, डॉक्टर व फार्मासिस्ट यांच्यासाठी लशीची सामाईक खरेदी आणि लस न घेतलेल्यांच्या घरी जाणारी परिचारिका, या तिन्हींची तरतूद व्हावयास हवी.

यात आपल्यासाठीही एक इशारा आहे. स्वाईन फ्लूने ऑगस्ट २००९ मध्ये देशातील पहिला बळी पुण्यात घेतला. तरीही फ्लूची लस आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. बहुतेक वृद्धांना ती खिशातले पैसे मोजूनच घ्यावी लागते. उद्या कोणी इंग्लंडचा दाखला देऊन केमिस्टांच्या हाती सुई द्या असे म्हणेल, तर त्याला आधी विचारावे लागेल की पैसे कोण देणार. तेथील दुकानामागे सरकारी खजिना उभा आहे. तो वगळून केवळ दुकान उचलून आणले, तर लोकसेवा न येता विक्रीचा आणखी एक माल तेवढा येईल.