भाडं माझं, नोंदही माझ्याच नावे



मागच्या महिन्यात सांगलीकडच्या एका भगिनीचं पत्र आलं. त्यांच्याच शब्दांत सांगते. "माझ्या आईनं तिचं दोन खोल्यांचं घर मृत्युपत्रानं माझ्या नावे केलं. एप्रिल २०२५ पासून ते भाड्यानं दिलंय. महिना नऊ हजार येतात. आईनं ठेवलेल्या ठेवीचं थोडं व्याज येतं. मला नोकरी नाही. आमचे हे म्हणतात, 'एवढ्याशा पैशाला कसला फॉर्म नि कसलं काय! फार तर माझ्या रिटर्नमध्ये टाकून देऊ.' धाकटे भाऊजी म्हणतात, 'रोख घ्या नि गप्प बसा, वहिनी.' मला मात्र रात्री झोप लागत नाही. माझं काही चुकतंय का?"

ताई, तुमचं काहीच चुकलेलं नाही. पण तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. एकेक पाहू.

आधी तुमच्या यजमानांचं बोलणं. घरभाडं हे घराच्या मालकाचं उत्पन्न. घर आईकडून तुम्हाला आलं, म्हणजे ते तुमचं, आणि त्याचं भाडंही तुमचंच. 'घर चालवतो मी, तर दाखवतोही मीच' असं कायद्यात चालत नाही. शिवाय त्यात नुकसान किती, तेही बघा. यजमान वीस टक्के कराच्या पायरीवर असतील, तर तुमच्या भाड्यापायी त्यांना पंधरा हजारांच्या वर कर भरावा लागेल. तुमच्या नावे तोच कर शून्य आहे! कसा, ते मांडून दाखवते. वही-पेन्सिल घेऊन बसा.

नऊ हजारांप्रमाणे बारा महिन्यांचं भाडं १,०८,००० रुपये. वर्षभरात तुम्ही स्वतः भरलेली घरपट्टी समजा ३,००० रुपये. ती वजा केली की राहिले १,०५,०००. यातून कायदा सरसकट तीस टक्के, म्हणजे ३१,५०० रुपये, सोडून देतो. घराच्या डागडुजीसाठीची ही सूट. तुम्ही रंग काढलात की नाही, नळ बदललात की नाही, कुणी पावती मागत नाही. मात्र खर्च जास्त झाला म्हणून जास्त वजावटही मिळत नाही. उरले ७३,५०० रुपये. हे तुमचं घरभाड्याचं उत्पन्न. भाडेकरूकडून घेतलेली अनामत परत द्यायची असते, म्हणून ती यात धरायची नाही.

आता ठेवीचं व्याज. पत्रात आकडा नाही, म्हणून समजू ५२,००० रुपये. दोन्ही मिळून १,२५,५००. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या कररचनेत चार लाखांपर्यंत कर नाही. जुनी रचना घेतली तरी अडीच लाखांपर्यंत नाही, आणि साठी ओलांडलेल्यांना त्यात तीन लाखांपर्यंत नाही. म्हणजे तुम्ही दोन्हीकडून सुटलात. इतकं कमी उत्पन्न असेल तर रिटर्न भरण्याची सक्तीही सहसा नसते.

इथे एक गैरसमज काढून टाकते. 'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. खरं आहे, पण ती करात मिळणारी सवलत आहे. रिटर्न भरण्याची हद्द नव्या रचनेत चार लाखांचीच. एखादीचं भाडं नि व्याज मिळून साडेपाच लाख होत असेल, तर कर शून्य, तरी रिटर्न भरलंच पाहिजे. तसंच वर्षाचं वीजबिल एक लाखाच्या वर गेलं, किंवा मुलाकडे परदेशी जाताना स्वतःच्या खात्यातून दोन लाखांहून जास्त खर्च केला, तरी उत्पन्न कमी असूनही रिटर्न सक्तीचं होतं.

आता भाऊजींचा सल्ला. भाडेकरू नोकरदार असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल, तर घरभाडे भत्त्यावरची सूट घेताना त्याला घरमालकाचा पॅन नंबर कचेरीत द्यावा लागतो. तुमचं भाडं एक लाख आठ हजार आहे. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तरी कागद बोलणारच. शिवाय महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाड्याचा करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नाही तर दंड वा कैदेची तरतूद आहे, आणि वाद झालाच तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. रोख घेऊन गप्प बसण्यात आपलंच घर धोक्यात येतं. म्हणून करार नोंदवा, आणि भाडं तुमच्या एकटीच्या नावच्या खात्यात चेकनं किंवा ऑनलाइन घ्या.

"सक्ती नाही, कर नाही, मग रिटर्न भरूच कशाला?" असं तुम्ही विचाराल. दोन कारणं आहेत.

पहिलं रोख आहे. साठीच्या आतल्या व्यक्तीचं बँकेतलं ठेवीचं व्याज वर्षाला पन्नास हजारांच्या वर गेलं की बँक दहा टक्के कर कापून घेते. आपल्या उदाहरणात ५,२०० रुपये कापले गेले. ते तुमचेच पैसे आहेत, पण रिटर्न भरल्याशिवाय परत मिळायचे नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला 'माझ्यावर कर बसत नाही, कापू नका' असा फॉर्म बँकेत भरून दिला असता तर ते कापलेच गेले नसते. वर्षानुवर्षं हा फॉर्म १५-जी नावानं ओळखला गेला, आणि ज्येष्ठांचा १५-एच. मात्र खरोखरच कर बसत नसेल तरच तो भरायचा.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना यजमान गेल्यावर मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं होतं. माहेरच्या गाळ्याचं भाडं पंधरा वर्षं त्यांना येत होतं, पण ते दाखवलं जात होतं यजमानांच्या नावावर. बँकेनं विचारलं, "तुमच्या उत्पन्नाचा पुरावा?" बाईंकडे एक कागद नव्हता. पंधरा वर्षांची मिळकत होती, नोंद मात्र एका वर्षाचीही नव्हती. दरसालचं रिटर्न म्हणजे तुमच्या नावानं सरकारदरबारी झालेली नोंद. ती वेळेला उभी राहते.

आता याची उलटी बाजू. यजमानांनी स्वतःच्या पैशानं घर घेऊन नुसतं पत्नीच्या नावे केलं असेल, तर त्याचं भाडं यजमानांच्याच उत्पन्नात धरलं जातं. कर वाचवण्यासाठी नाव तुमचं नि पैसा त्यांचा, ही युक्ती कायद्यानं केव्हाच ओळखली आहे. दोघांनी आपापले पैसे घालून घर घेतलं असेल, तर ज्याचा जेवढा हिस्सा तेवढं भाडं त्याचं.

रिटर्न भरणं अवघड नाही. पॅन आधारशी जोडलेला हवा, खातं स्वतःच्या नावे हवं. एका घराचं भाडं नि व्याज एवढंच असेल तर 'सहज' नावाचा फॉर्म पुरतो. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तो फुकट भरता येतो. आधी तिथलंच वार्षिक माहितीपत्रक उघडून तुमच्या नावे काय काय नोंदलंय ते ताडून घ्या. नेहमीची मुदत ३१ जुलै. भरल्यावर तीस दिवसांत आधारच्या ओटीपीनं पडताळणी करायला विसरू नका, नाहीतर भरलेलं न भरल्यासारखंच. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख. भाड्याच्या हिशेबाची तीस टक्क्यांची रीत त्यातही तीच ठेवली आहे.

तेव्हा सांगलीच्या ताई, हे पान यजमानांना वाचून दाखवा. भांडू नका, पंधरा हजारांचा आकडा तेवढा पुढे ठेवा, पटेल त्यांना! मग करार, घरपट्टीची पावती आणि पासबुक एका फायलीत लावा. त्या फायलीवर नाव मात्र तुमचं घाला. आईनं घर तुमच्या नावे केलं ते काही उगाच नाही.