ताथवड्यातला फ्लॅट, गोव्याचा कायदा

पुण्याजवळच्या ताथवड्यात फ्लॅट घेतलेल्या, पण गोव्याचा अधिवास कायम असलेल्या कुटुंबाचा वारसा कोणत्या कायद्याने ठरेल? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्वाळा दिला: अशा मालमत्तेलाही १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिताच लागू. १९६१ च्या मुक्तीनंतरही टिकलेल्या या परंपरेत वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते; मुलांचा निम्मा वाटा मृत्युपत्रानेही सहसा हिरावता येत नाही.

उत्तराखंडने २०२४ मध्ये समान नागरी संहिता मंजूर केल्यापासून हा विषय पुन्हा ऐरणीवर आहे. म्हणूनच या अंकात आम्ही घोषणा बाजूला ठेवून कलमांचा इतिहास तपासतो: लिस्बनचा कायदा भारतीय न्यायव्यवस्थेत कसा रुजला, स्त्रियांना त्याने काय दिले, कुठे तो अपुरा पडला? आपले अनुभव आणि मतभेद अवश्य कळवा.