मन पोलादासारखे असावे, म्हणजे कसे?



परीक्षेचा निकाल मनासारखा लागला नाही की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "रडू नकोस. मन पोलादासारखे घट्ट कर." सल्ला प्रेमाचाच असतो. पण पोलाद घट्ट असते म्हणजे नेमके कसे असते?

काचेची एक पट्टी आणि पोलादाची एक पातळ पट्टी डोळ्यांपुढे आणा. दोन्ही कठीण. पण वाकवू लागलात तर काच तडकते; पोलादाची पट्टी वाकते आणि सोडताच पुन्हा सरळ होते. भार काढल्यावर मूळ आकार परत घेण्याच्या या गुणधर्माला आपण स्थितिस्थापकता म्हणतो. तेव्हा मन पोलादासारखे असावे हे मलाही मान्य आहे. मात्र पोलादही वाकते, हे सांगणाऱ्याने विसरू नये. रडू येणे हे मनाचे वाकणे आहे. त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

७ सप्टेंबर २०१९ चा दिवस आठवा. चांद्रयान-२ चा 'विक्रम' हा भाग चंद्रावर उतरत होता. पृष्ठभागापासून सुमारे दोन किलोमीटर उंचीवर त्याचा संपर्क तुटला. त्या सकाळी 'इस्रो'चे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांना अश्रू आवरले नाहीत, हे साऱ्या देशाने पाहिले. त्यांच्या संस्थेचे काम त्यामुळे थांबले का? मुळीच नाही.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. "आम्हाला जमत नाही" असे कोणी लिहून ठेवले नाही. कारणे शोधली गेली. एंजिनांनी अपेक्षेपेक्षा अधिक जोर दिला होता. त्यामुळे साचत गेलेली चूक सुधारण्यासाठी यानाने झटपट वळायला हवे होते, पण त्याच्या वळण्याच्या वेगाला मर्यादा होती. शिवाय उतरण्याची जागा जेमतेम ५०० मीटर लांब आणि तेवढीच रुंद होती. प्रत्येक कारणावर उपाय झाला. नव्या यानासाठी ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद जागा निवडली. पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढवले. काय काय बिघडू शकेल याचा आधी विचार करून यान बांधले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर अलगद उतरले.

आणखी एक गोष्ट. २०१९ च्या मोहिमेतला चंद्राभोवती फिरणारा भाग शाबूतच होता. २०२३ मध्ये नवे यान उतरण्यापूर्वी त्याने त्याच्याशी संपर्क साधला. एक भाग फसला म्हणून सगळे फसले, असे नसते.

आता हेच तुमच्या प्रगतिपुस्तकाला लावून पाहा. गणितात ३८ गुण पडले. पहिल्या दिवशी वाईट वाटू द्या. जेवण आणि झोप मात्र चुकवू नका. दोन दिवसांनी उत्तरपत्रिका घेऊन बसा आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहा: सूत्र समजले नव्हते, बेरीज चुकली, वेळ पुरला नाही. "मी ढ आहे" हे कारण या यादीत चालणार नाही, कारण त्यावर उपाय करता येत नाही. "वेळ पुरला नाही" यावर करता येतो. पुढे नोकरीत यंत्र बिघडेल, मुलाखतीत नकार मिळेल, तेव्हाही हीच सवय कामी येईल. ती एका दिवसात लागत नाही. लहानसहान अपयशांवरच तिचा सराव करावा लागतो.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. उत्तरपत्रिका परत देताना वर्गासमोर गुण मोठ्याने वाचण्यापेक्षा चुका कुठे झाल्या ते विद्यार्थ्याशेजारी बसून दाखवावे. पहिल्याने मुलाला शिक्का मिळतो, दुसऱ्याने वाट.

शेवटी पदार्थविज्ञानातलाच एक नियम. प्रत्येक पदार्थाच्या स्थितिस्थापकतेला मर्यादा असते. ताण तिच्यापलीकडे गेला तर भार काढला तरी पदार्थ पूर्ववत होत नाही. मनावरचा ताणही असा वाढू शकतो. अनेक दिवस झोप लागेनाशी झाली, कशातच लक्ष लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर एकट्याने सोसत बसू नका. आईवडील, शिक्षक, डॉक्टर, ज्यांच्याशी बोलता येईल त्यांच्याशी त्याच दिवशी बोला. सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. पोलादाच्या तारेला आपला भार दुसऱ्या कोणाच्या हाती देता येत नाही, तुम्हाला येतो.