रंग तुमचा, किल्ली कुणाकडे?

ब्लॉग काढायचा म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणी आधी विचारतात, 'रंग कुठला ठेवू?' यात वावगं काहीच नाही. नव्या घरात पडदे निवडण्याची हौस असतेच की! पण मैत्रिणींनो, गंमत पुढे होते. रंग, फुलं, वरचा मोठा फोटो एवढं आपण हौसेनं निवडतो आणि 'बाकीचं ते टेक्निकल' म्हणून लॅपटॉप मुलाकडे नाहीतर भाच्याकडे सरकवतो. त्या 'बाकीच्या'तच खरे निर्णय असतात. आपलं लिखाण कोण वाचणार, त्यावर कोण बोलणार, उद्या ते पुसावंसं वाटलं तर कोण पुसू शकणार, हे सगळं सेटिंग्जमध्ये ठरतं.

माझ्या ओळखीच्या एक काकू वऱ्हाडी पदार्थांवर फार छान लिहितात. ब्लॉग भाच्यानं 'काढून दिला', स्वतःच्याच ई-मेलवरून. आता तो परदेशात. पाटवडीच्या पाण्याचं माप दुरुस्त करायचं तरी काकू त्याच्या सकाळची वाट बघत बसतात! लिखाण काकूंचं, हात काकूंचा, आणि कायद्याच्या भाषेत म्हणाल तर ताबा भाच्याचा. खरं तर उपाय पाच मिनिटांचा आहे. ब्लॉगरमध्ये एकाच ब्लॉगला एकापेक्षा जास्त ॲडमिन ठेवता येतात. काकूंच्या ई-मेलला लेखक म्हणून आमंत्रण पाठवायचं, त्यांनी ते स्वीकारलं की त्यांना ॲडमिन करायचं. मग भाचा मदतनीस म्हणून खुशाल राहू दे. पासवर्ड मात्र ज्याचा त्यानं जपावा, आणि तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवू नये.

आता दिसण्याकडे येऊ, कारण तिथेही एक खोच आहे. तयार थीम बहुतेक इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. त्यात शीर्षकाची अक्षरं जरा लांब लांब ठेवायची पद्धत आहे. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं, पण आपली शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसायला लागतो. तिरपा टाइपही देवनागरीला शोभत नाही. आपल्याला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, तेव्हा दोन ओळींत अंतर जास्त लागतं आणि अक्षरही इंग्रजीपेक्षा थोडं मोठं. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर प्रत्येकीच्या फोनवर जो असेल तो फॉन्ट दिसतो, म्हणजे तुम्ही निवडलेलं रूप तुमच्याचपुरतं. त्यापेक्षा मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि वाचायला स्वच्छ. काळ्या पाटीवर गुलाबी अक्षरं मात्र नकोत, बरं का! तुमची वाचक दुपारी, चष्मा शोधत, फोनवर वाचतेय.

आणखी एक बारीकशी गोष्ट. शीर्षक मराठीत दिलं की ब्लॉगर त्या लेखाचा पत्ता नुसता 'ब्लॉग-पोस्ट' असा आणि पुढे आकडे लावून करतो. वर्डप्रेसमध्ये तोच पत्ता कुणाला पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक शेपटी होते. लेख प्रसिद्ध करण्याआधीच रोमन अक्षरांत छोटासा पत्ता स्वतः लिहून टाकावा. पाटवडीचा लेख आहे हे पत्त्यावरूनच कळलं तर काय वाईट?

प्रतिक्रियांबद्दल मला थोडं ठासून बोलायचंय. 'बायकांनी लिहायचं तर कमेंट्स बंदच ठेवाव्यात, कशाला भानगड' हा सल्ला घरातूनच मिळतो, काळजीपोटी मिळतो, पण मला तो पटत नाही. 'माझी आजी यात कैरी घालायची' असं कुणीतरी लिहितं, तेव्हा तो लेख पुढे चालू लागतो. ते दार आपणच का लावायचं? त्याऐवजी प्रतिक्रिया आधी तुमच्याकडे येईल आणि तुम्ही 'हो' म्हटल्यावरच दिसेल, अशी सोय चालू करा. ती ब्लॉगरमध्येही आहे, वर्डप्रेसमध्येही. घाण लिहिणाऱ्याला उत्तर द्यायचं बंधन नाही, पुसून टाकायचं. मतभेद असेल तर जरूर छापायचा. हा फरक करणं संपादकाचं काम, आणि तुमच्या ब्लॉगची संपादक तुम्हीच.

नावाचंही तसंच. पूर्ण नाव द्यायचं, माहेरचं द्यायचं की टोपणनाव, हे तुमचं तुम्ही ठरवा. नवऱ्याला, सासूबाईंना काय वाटेल याचा विचार करून टोपणनाव घेतलेल्या कितीतरी जणी आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मग प्रोफाइलमध्ये ई-मेल आणि गाव उघडं राहिलंय का, फोटोत सोसायटीची पाटी आलीय का, तेही बघा. मनातलं फक्त चार बहिणींनाच वाचू द्यायचं असेल तर ब्लॉग खासगी ठेवून नेमक्या त्या चौघींना बोलावता येतं.

शेवटची गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी, म्हणून राहून जाते. इंटरनेटवरच्या जागा कायमच्या नसतात. जिओसिटीजवरची हजारो घरगुती पानं २००९मध्ये बंद झाली. २०१९मध्ये गुगल प्लस बंद झालं, तेव्हा ज्यांनी ब्लॉगवर त्याची प्रतिक्रियांची सोय निवडली होती, त्यांच्या त्या प्रतिक्रिया ब्लॉगरच्या साध्या प्रतिक्रियांमध्ये आणता आल्या नाहीत. लेख राहिले, त्याखालच्या गप्पा गेल्या. सगळा मजकूर एका फाइलीत उतरवून घ्यायची सोय दोन्हीकडे आहे. दिवाळीत कपाट आवरतो, तेव्हा हेही आवरावं. फोटो वेगळे ठेवावेत. आणि ती फाइल मुलाच्या लॅपटॉपवर न ठेवता आपल्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्यावी, दागिन्यांच्या डब्यात मावतो तो.